मुलांचे साने गुरुजी आणि मोठ्यांचे साने गुरुजी

मुलांसाठीं लिहिणाऱ्या लेखकाच्या वांट्याला प्रेम पुष्कळ येतें. परीक्षण मात्र थोडें येतें. ज्याचें पुस्तक दहाव्या-बाराव्या वर्षीं वाचलें, त्याच्याकडे मनुष्य जन्मभर ममतेनें पाहतो. पण प्रौढपणीं पुन्हां त्याच्याकडे वळावें आणि या गृहस्थानें आपल्याला आणखी कांहीं सांगितलें होतें काय, हें पाहावें, असें त्याला सहसा सुचत नाहीं. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी, यांच्याविषयीं असेंच झालें आहे. 'श्यामची आई' ठाऊक नाहीं असें सुशिक्षित मराठी घर विरळा. परंतु त्याच लेखणींतून 'भारतीय संस्कृति', 'आस्तिक', 'स्त्रीजीवन' आणि 'इस्लामी संस्कृति' हीं पुस्तकें उतरलीं, याची जाणीव असलेलीं घरें त्याहून फार थोडीं.

गुरुजी कोंकणांत जन्मले आणि खानदेशांत कार्यास लागले. तथापि त्यांच्या लेखनाच्या या दोन बाजू एकत्र कां पाहिल्या पाहिजेत, हें समजून घ्यावयाचें असेल, तर मराठवाड्यांतील नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांकडे दृष्टि टाकणें उपयोगाचें आहे. गुरुजी ज्या वर्षांत लिहीत होते, त्याच वर्षांत या भागांतील मुलांना मातृभाषेंतून पुरतें शिक्षण मिळत नव्हतें आणि त्या वर्षांच्या अखेरीस तेथील मोठीं माणसें धर्माच्या नांवानें परस्परांपासून तुटत होतीं. मुलांना हवें असलेलें आणि मोठ्यांना हवें असलेलें, असें दोन्ही प्रकारचें औषध ज्या एका लेखकापाशीं होतें, तो हा लेखक होय.

पालगड हें रत्नागिरी जिल्ह्यांतील एक गांव. तेथें २४ डिसेंबर १८९९ रोजीं गुरुजींचा जन्म झाला. घराणें खोताचें, पण दैव फिरलेलें. मानपान मागील पिढीचा आणि कर्ज या पिढीचें, अशी त्या घराची अवस्था होती. दापोली, औंध आणि पुणें येथें विद्यार्जन करतांना दारिद्र्याचा अनुभव पुरेपूर आला. १९१७ सालीं आई निवर्तली. पुढें १९२४ सालीं ते अमळनेर येथील शाळेंत शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. या छात्रालयांतील मुलांसाठीं ते स्वतःच्या हातानें लिहून एक दैनिक काढीत. छापखाना नाहीं, वर्गणी नाहीं. वाचक तेवढे समोर जेवावयास बसलेले. १९२८ सालीं त्यांनीं 'विद्यार्थी' हें मासिक सुरू केलें. मुलांसाठीं लिहिणें म्हणजे त्यांच्या दृष्टीनें साहित्याचा एखादा हलका प्रकार नव्हता. ती शिक्षकाची रोजची चाकरी होती. १९३० सालीं देशाची हांक आली, तेव्हां त्यांनीं शाळा सोडली आणि सत्याग्रहांत उडी घेतली. त्यानंतरचीं अनेक वर्षें तुरुंगांत व चळवळींत गेलीं.

'श्यामची आई' हें पुस्तक नाशिकच्या तुरुंगांत जन्मलें. ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं लेखनास आरंभ झाला आणि अवघ्या पांच दिवसांत, १३ फेब्रुवारीस, तें हातावेगळें झालें. दिवसा तुरुंगांतील नेमून दिलेलें काम आणि उरलेल्या वेळांत व रात्रीं लेखन, असा क्रम होता. १९३५ सालीं पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याची मांडणी ध्यानांत घेण्यासारखी आहे. श्याम आपल्या आईच्या आठवणी लहान मुलांना सांगत नाहीं. आश्रमांतील प्रार्थना आटोपल्यावर तो आपल्या सोबत्यांना आणि गांवांतून येऊन बसणाऱ्या मंडळींना त्या सांगतो. एकेका रात्रीं एकेक आठवण. म्हणजे महाराष्ट्रानें जें पुस्तक मुलांच्या हातीं दिलें, तें मुळांत मोठ्या माणसांनीं मोठ्या माणसांसमोर बसून ऐकलेलें आहे. लहान मूल त्यांत श्यामची फजिती पाहतें. वडील माणूस त्यांत सावकाराच्या वसुलीदारापुढें अपमानित झालेली गृहिणी पाहतो.

त्या आईच्या शिकवणींत एक अवघड जागा आहे. डोक्यावरची मोळी पडलेली एक वृद्ध अस्पृश्य स्त्री दिसते आणि आई श्यामला ती मोळी उचलून देण्यास सांगते. मात्र त्यानंतर स्नान करावयासहि सांगते. रूढि तिला सोडतां आली नाहीं, पण रूढीपेक्षां करुणा मोठी, हें तिला समजलें होतें. आईला जें अर्धें साधलें, तें पुरें करण्याचा भार मुलानें आपल्या शिरावर घेतला. मे १९४७ मध्यें पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचीं दारें अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलीं व्हावींत म्हणून गुरुजींनीं प्राणांतिक उपोषण केलें. त्यापूर्वीं त्यांनीं महाराष्ट्रभर हिंडून लोकांचीं मनें वळविण्याचा यत्न केला होता. सुमारें दहा दिवसांच्या उपोषणानंतर मंदिर खुलें होण्याचा मार्ग मोकळा झाला. मुलांच्या पुस्तकांतील एका प्रसंगाचा अर्थ प्रौढांच्या जगांत कोठपर्यंत जातो, याचें इतकें स्पष्ट उदाहरण मराठी वाङ्मयांत दुसरें क्वचित् सांपडेल.

मुलांसाठीं त्यांनीं केवळ आठवणी लिहिल्या नाहींत. 'गोड गोष्टी' या मालेंत त्यांनीं परदेशांतील थोर कादंबऱ्यांना मराठी पेहराव चढविला. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेचा 'सायलस मार्नर' त्यांच्याकडे 'मनूबाबा' होऊन आला. फ्रेंच लेखक द्यूमा याची काळ्या ट्यूलिप फुलाची कथा 'फुलाचा प्रयोग' झाली. ज्या मुलाला इंग्रजी येत नाहीं आणि ज्याच्या बापाला पुस्तक विकत घेणें परवडत नाहीं, त्यालाहि जगांतील उत्तम कथा मिळाल्या पाहिजेत, ही त्यामागील निष्ठा.

आतां मोठ्यांसाठीं केलेलें लेखन पाहावें. तुरुंग हें गुरुजींचें विद्यापीठ ठरलें. त्रिचनापल्लीच्या तुरुंगांत दक्षिणेकडील सत्याग्रही सोबत होते. त्यांच्यापासून ते तामिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवराचा 'कुरळ' हा थोर ग्रंथ त्यांनीं मराठींत आणला. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं. तीं जशींच्या तशीं उतरून घेणारे लेखक साने गुरुजीच. त्यांनीं तें काम केलें नसतें, तर 'गीता प्रवचनें' हा ग्रंथ आज ज्या रूपांत घरोघर आहे, त्या रूपांत तो नसता. टॉलस्टॉयचा कलाविषयक प्रबंध त्यांनीं 'कला म्हणजे काय?' या नांवानें मराठींत आणला. 'भारतीय संस्कृति' या ग्रंथांत त्यांनीं अद्वैत, वर्ण, कर्म, भक्ति या जुन्या शब्दांना नव्या काळाची जबाबदारी जोडून दिली. अद्वैत म्हणजे पोथींतील सिद्धांत नव्हे, तर शेजाऱ्याचें दुःख आपलें मानणें, हा त्या ग्रंथाचा रोख आहे.

'स्त्रीजीवन' या ग्रंथाचें महत्त्व तर अजून पुरतें ओळखलें गेलें नाहीं. बायकांच्या तोंडच्या ओव्या त्यांनीं परिश्रमपूर्वक जमविल्या आणि माहेर, सासर, भाऊ, मूल, देव अशा विषयांनुसार त्या लावून त्यांवर विवेचन केलें. पहाटे जात्यावर बसून ज्वारी दळतांना स्त्रियांनीं रचलेलें हें काव्य नांदेड-लातूरच्या खेड्यांतहि तितकेंच समृद्ध होतें. पुढें गी पॉयतवॅं आणि हेमा राईरकर यांनीं हाच मार्ग धरून महाराष्ट्रांतील एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत केल्या. अशा कामाची थोरवी गुरुजींनीं कित्येक वर्षें आधीं ओळखली होती. आईची थोरवी सांगणारा लेखक आयांनीं काय गाइलें हेंहि लिहून ठेवतो, हें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे.

याच काळांत गोदावरी आणि मांजरा यांच्या कांठीं काय चाललें होतें? नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील एक जिल्हा. आजचा लातूर जिल्हा तेव्हां अस्तित्वांत नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. त्या वेळीं लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यांतील भाग, तर उदगीर बीदर जिल्ह्यांत. किनवट हा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू आणि वरच्या शाळांची भाषाहि उर्दू. उर्दू ही थोर भाषा आहे, यांत शंका नाहीं. पण ज्या मुलाच्या घरीं मराठी बोलतात, त्यानें गणितहि परक्या भाषेंतून शिकावें, ही गोष्ट न्यायाची नव्हती. मराठी भाषा तेथें जगली ती घरांत, कीर्तनांत, पंढरीच्या वारींत आणि लोकांनीं पदरमोड करून चालविलेल्या थोड्या शाळांत. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील अशाच शाळांत शिकविणारे शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. अमळनेरचा शिक्षक आणि अंबाजोगाईचा शिक्षक यांचे मार्ग निराळे. पण दोघांनींहि शाळा सोडली ती विद्यार्थ्यांसाठींच.

१५ ऑगस्ट १९४८ रोजीं गुरुजींनीं 'साधना' साप्ताहिक सुरू केलें. त्यानंतर एक महिन्यानें, १३ सप्टेंबर रोजीं, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या आणि १७ सप्टेंबर रोजीं निजामानें शरणागति पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. या मुक्तीचा आनंद खरा होता. पण तिच्या दोन्ही बाजूंस रक्त सांडलें होतें, हें विसरतां येत नाहीं. आधीं रझाकारांनीं खेडींच्या खेडीं लुटलीं आणि निरपराध माणसें मारलीं. नंतर सूडाच्या लाटेंत ज्यांचा त्या अत्याचारांशीं कांहीं संबंध नव्हता, असे पुष्कळ मुसलमान बळी पडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें ज्या चार जिल्ह्यांत हा अनर्थ सर्वांत अधिक झाला असें नमूद केलें, ते जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे आजच्या नांदेड-लातूरचा बहुतेक भाग त्यांत येतो.

अशा भूमीला कोणतें पुस्तक हवें होतें? गुरुजींनीं तें लिहिलेलें होतें. 'आस्तिक' या कादंबरींत जनमेजयाच्या सर्पसत्राची पुराणकथा घेऊन त्यांनीं तिला मनुष्यांची कथा केलें आहे. आर्य आणि नाग हे दोन समाज परस्परांचा उच्छेद करण्यास सिद्ध झालेले आहेत आणि दोन्ही रक्तें ज्याच्या अंगांत आहेत, असा एक तरुण तो द्वेषाग्नि विझवितो. त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालेल्या 'इस्लामी संस्कृति' या ग्रंथांत त्यांनीं पैगंबरांचें चरित्र आणि अरबस्थानचा इतिहास मराठी वाचकापुढें आदरानें मांडला. शेजाऱ्याचा धर्म शत्रूच्या तोंडून न ऐकतां सहृदय मनुष्याकडून ऐकावा, हा त्यामागील विचार. या दोन पुस्तकांपैकीं एकहि नांदेड-लातूरच्या घटनांवर लिहिलेलें नाहीं. परंतु त्यांची गरज तेथें जितकी होती, तितकी क्वचितच कोठें असेल. मात्र 'श्यामची आई' जितक्या हातांत पडली, त्याच्या अंशानेंहि हीं पुस्तकें पडलीं नाहींत. मुलांनीं गुरुजींचें ऐकलें. मोठ्यांनीं पुरतें ऐकलें नाहीं.

१९४९ सालीं पुण्याच्या साहित्य संमेलनांत गुरुजींनीं आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथांनीं विश्वभारती उभारली. तिच्या आधीं भारतांतील प्रांतांनीं तरी परस्परांच्या भाषा शिकाव्या, परस्परांचें वाङ्मय वाचावें, असा तिचा आशय. पुण्याच्या श्रोत्यांना हें एक सुंदर स्वप्न वाटलें असेल. देगलूर, किनवट किंवा उदगीर येथील माणसाला तें रोजचें जीवन होतें. देगलूरच्या बाजारांत तेलुगू कानीं पडते, उदगीर-निलंगा भागांत कानडी ऐकूं येते, किनवटच्या रानांत गोंडी आणि कोलामी बोलणारीं माणसें राहतात, सगळीकडे दख्खनी उर्दू आहे आणि नांदेडच्या गुरुद्वारांत पंजाबी घुमते. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हां किनवट मराठीकडे आलें आणि मुधोळ तेलुगूकडे गेलें. पण बाजार आणि सोयरिकी यांना ती रेषा कळली नाहीं. आंतरभारती हा शब्द पुण्यांत उच्चारला गेला. त्याचा अर्थ या सीमेवर आधींपासून नांदत होता.

गुरुजींना मात्र पुढचे दिवस पाहावयाचे नव्हते. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनीं एकवीस दिवसांचें उपोषण केलें होतें. त्या दुःखांतून त्यांचें मन पुन्हां वर आलें नाहीं. तरीहि 'साधने'तून आपली पुतणी सुधा हिला ते पत्रें लिहीत राहिले. 'सुंदर पत्रें' या नांवानें तीं संग्रहित आहेत. फुलें, पांखरें आणि पाऊस यांच्या गोष्टी सांगतां सांगतां ते देशाच्या व जगाच्या घडामोडींवर येतात. एका मुलीला लिहिलेलीं तीं पत्रें साऱ्या साप्ताहिकाचे प्रौढ वाचक वाचीत. मुलांचे गुरुजी आणि मोठ्यांचे गुरुजी येथें एकाच कागदावर दिसतात. ११ जून १९५० रोजीं त्यांनीं आपलें जीवन स्वतःच्या हातानें संपविलें. ज्यानें दुसऱ्यांच्या मुलांना धीर दिला, त्याला स्वतःला धीर देणारें कोणी जवळ उरलें नाहीं, ही खंत महाराष्ट्राच्या मनांत आजहि आहे. कोमल मनाच्या माणसाकडून आधार घेतांना त्यालाहि आधार लागतो, हें समाज विसरतो.

गुरुजींवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. त्यांचें लेखन फार भावविवश आहे, त्यांत अश्रु फार आहेत, असें टीकाकार म्हणतात. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. त्यांच्या कांहीं कथांत करुणरसाचा अतिरेक आहे आणि कलेच्या काटेकोर मापानें पाहिलें तर कित्येक पानें सैल आहेत. पण अश्रूंचें मोल ते पुढें काय करवितात यावरून ठरतें. आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मान मिळविणारा तो पहिला कथाचित्रपट ठरला. त्या चित्रपटाला रडलेलीं माणसें घरीं जाऊन निजलीं असतील. तशींच कांहीं माणसें कामाला लागलीं, हेंहि खरें आहे.

त्याचा पुरावा पाहावयास पुन्हां याच प्रदेशांत आलें पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं आणि हजारों जीव गेले. कित्येक मुलें एका पहाटेंत पोरकीं झालीं. त्यांच्यासाठीं नळदुर्ग येथें 'आपलं घर' उभें राहिलें, तें राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनीं उभारलें. आणि सेवा दल म्हणजे गुरुजींचा जीव कीं प्राण. आई गेलेल्या मुलाची कथा लिहिणाऱ्या लेखकाच्या शिष्यपरंपरेनें आई गेलेल्या मुलांना छप्पर दिलें. नांदेड जिल्ह्यांत किनवटच्या आदिवासी भागांत डॉ. अशोक बेलखोडे यांनीं जें रुग्णालय उभारलें, त्याचें नांव साने गुरुजी रुग्णालय. भारत जोडो युवा अकादमी तें चालविते. बाबा आमट्यांनीं १९८५ च्या डिसेंबरांत कन्याकुमारीहून काढलेल्या भारत जोडो यात्रेची आठवण त्या नांवांत आहे. ज्या भागाला १९५६ सालीं भाषेच्या आधारावर एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत घातलें, तेथेंच आंतरभारतीच्या प्रणेत्याच्या नांवानें रुग्णाची भाषा न विचारतां उपचार होतात. आंतरभारतीची याहून चांगली शाखा कोणती असूं शकेल?

वाङ्मयांतहि हा प्रवाह खंडित झालेला नाहीं. नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयांत शिकविणारे नरहर कुरुंदकर यांनीं 'साधने'च्या पानांवरून प्रौढ वाचकांना धर्म, समाज आणि इतिहास यांविषयीं निर्भयपणें विचार करावयास लाविलें; गुरुजींच्या साप्ताहिकाला नांदेडनें दिलेलें तें देणें होतें. २०२२ सालीं उदगीर येथें भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांची ख्याति प्रौढांच्या कथांसाठीं. पुढें २०२४ सालीं साहित्य अकादमीनें त्यांना गौरविलें तें 'समशेर आणि भूतबंगला' या मुलांच्या पुस्तकासाठीं. २०२५ सालीं तोच बालसाहित्याचा पुरस्कार नांदेडचे सुरेश सावंत यांना 'आभाळमाया' या कवितासंग्रहाबद्दल मिळाला. ज्या नांदेडच्या मुलाला एके काळीं वरच्या वर्गांत मराठी पुस्तक दुर्मिळ होतें, तें नांदेड आज महाराष्ट्राच्या मुलांना कविता पुरवीत आहे.

कोंकणांतील समुद्र, फणस आणि खोती यांचें वर्णन असलेलें एक पुस्तक काळ्या मातीच्या, ज्वारी-कापसाच्या प्रदेशांत आपलें वाटावें, याचें कारण उघड आहे. कर्जाचा तगादा, एका लुगड्यावर दिवस काढणारी आई आणि तिच्या डोळ्यांतील स्वाभिमान यांना प्रांत नसतो. हें मुलांना लगेच कळतें. मोठ्यांना मात्र 'आस्तिक' आणि 'इस्लामी संस्कृति' अजून वाचावयाच्या आहेत. लहानपणीं ज्या घरानें 'श्यामची आई' आपल्या फडताळांत ठेविली, त्या घरानें तिच्याशेजारीं त्याच लेखकाचीं हीं दुसरीं पुस्तकें आणून ठेवावीं. पहिलें पुस्तक आईवर प्रेम करावयास शिकवितें. बाकीचीं, तसेंच प्रेम शेजारच्या आईच्या मुलावर करावयास शिकवितात. दोन्ही धडे एकाच शिक्षकाचे आहेत आणि त्यांतील दुसरा अधिक कठीण आहे.